कर्ता आणि भोक्ता: क्रीडापटूंच्या प्रेरणाकथांची भाषा

१

मैदानावर मोठी कामगिरी करणाऱ्या, आणि ती करण्यापूर्वी बरेच काही सोसलेल्या खेळाडूंच्या कथा हा मराठी गद्याचा एक विस्तृत विभाग होऊन बसला आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, दिवाळी अंक, शालेय वाचनपुस्तके, कुमारांसाठी लिहिलेली छोटी चरित्रे आणि सत्काराच्या निमित्ताने निघणाऱ्या गौरविका ह्यांतून ह्या कथा सतत प्रसिद्ध होत असतात. त्यांचा वाचकवर्ग कादंबरीच्या वाचकवर्गाहून मोठा असावा. असे असूनही साहित्यविचाराने ह्या लेखनाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. ते प्रचारकी किंवा बालबोध मानून बाजूस ठेवण्याची आपली रीत आहे. परंतु ज्या गद्यातून पुष्कळ मुले 'संकट म्हणजे काय' आणि 'मोठेपणा म्हणजे काय' ह्याची पहिली कल्पना घेतात, त्या गद्याची भाषा तपासणे हे भाषाभ्यासकाचे काम होय.

प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. ह्या कथांतील नायकांच्या थोरवीविषयी येथे शंका घ्यावयाची नाही. त्यांची थोरवी आकड्यांनी आणि निकालांनी सिद्ध झालेली आहे. पाहावयाचे ते इतकेच की, ज्या अडचणींतून हे खेळाडू वर आले त्या अडचणी सांगताना मराठी लेखक कोणती वाक्यरचना निवडतो, आणि त्या निवडीमुळे वाचकापर्यंत काय पोहोचते व काय पोहोचत नाही. ह्यासाठी पुण्या-मुंबईतले एक जुने उदाहरण, कऱ्हाडजवळचे एक, नाशिक जिल्ह्यातले एक, आणि शेवटी पालघरजवळच्या माहीम परिसरातले एक अशी चार उदाहरणे घेतली आहेत. विवेचनात नमुन्यादाखल दिलेली वाक्ये ह्या लेखनाची सर्वसाधारण तऱ्हा दाखविण्यासाठी प्रस्तुत लेखकाने स्वतः रचलेली आहेत. ती कोणा एका लेखकाची अवतरणे नव्हेत.

२

प्रेरणाकथेचे साधारणतः दोन भाग पडतात. पूर्वार्धात नायक सोसतो आणि उत्तरार्धात तो जिंकतो. ह्या दोन भागांचे व्याकरण एकमेकांहून स्पष्टपणे वेगळे आहे. उत्तरार्धातील वाक्ये अशी असतात: 'त्याने प्रतिस्पर्ध्याला चीत केले', 'तिने विक्रम मोडला', 'तो मैदानात उतरला'. येथे नायक हा कर्ता आहे. कधी प्रथमेत, कधी तृतीयेत, परंतु क्रिया त्याची आहे. पूर्वार्धातील वाक्ये अशी असतात: 'त्याला उपाशी राहावे लागले', 'तिला संधी मिळाली नाही', 'त्याच्या वाट्यास उपेक्षा आली'. येथे नायक 'ला' प्रत्यय घेऊन किंवा 'वाट्यास' अशा शब्दाच्या आश्रयाने येतो. तो क्रिया करीत नाही. ती त्याच्यावर येऊन आदळते. आपल्या परंपरेतील जुनी जोडी वापरावयाची तर उत्तरार्धात तो कर्ता आहे आणि पूर्वार्धात भोक्ता.

एवढ्यापर्यंत आक्षेप घेण्याजोगे काही नाही. सोसणारा भोक्ता असावयाचाच. प्रश्न पुढचा आहे: पूर्वार्धातील भोक्त्याच्या समोर कर्ता कोण? 'संधी मिळाली नाही' ह्या वाक्यात संधी न देणारा कोठेच नाही. 'मिळणे' ह्या क्रियापदाचा स्वभावच असा आहे की, त्याला देणाऱ्याची अपेक्षा नसते. 'संधी देण्यात आली नाही' असे म्हटले की, कोणीतरी देणारा असावा इतके तरी सूचित होते, जरी त्याचे नाव झाकलेले राहते. 'निवड समितीने संधी दिली नाही' असे म्हटले म्हणजे कर्ता उघड होतो. एकाच घटनेची ही तीन मराठी रूपे आहेत आणि तिन्ही निर्दोष आहेत. ह्या वाङ्मयात पहिले रूप सर्रास आढळते, दुसरे कधीमधी, आणि तिसरे क्वचितच. 'जावे लागले', 'राहावे लागले', 'ऐकून घ्यावे लागले' ह्या 'लागणे'युक्त रचनांचेही तेच. त्या सक्ती सांगतात, परंतु सक्ती करणारा सांगत नाहीत.

ह्या रिकाम्या जागेत लेखक एक नाम आणून बसवितो. ते नाम म्हणजे 'परिस्थिती'. 'प्रतिकूल परिस्थितीवर मात' ही शब्दसंहती इतकी रूढ झाली आहे की, तिचे घटक वेगळे करून पाहण्याचे आपल्याला सुचत नाही. 'मात' हा शब्द फारसीतून बुद्धिबळाच्या वाटेने मराठीत आला. बुद्धिबळात मात होते ती समोर बसलेल्या, विचारपूर्वक खेळी करणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची. 'परिस्थिती'ला मात्र खेळी नसते, चेहरा नसतो, पत्ता नसतो. ज्याच्यावर मात केली तो कोण हे न सांगता मात केल्याचे सांगणे, ही ह्या शब्दसंहतीची करामत होय. 'जिद्द' ह्या शब्दाचा प्रवासही लक्षात घेण्याजोगा आहे. मुळात विरोध दर्शविणारा हा अरबी शब्द हिंदीत हट्ट ह्या अर्थाकडे वळला, तर मराठीत तो जवळजवळ निखळ सद्गुणवाचक झाला. विरोध कोणाला, ही मूळची अर्थच्छटा त्या प्रवासात गळून पडली आहे.

३

आता उदाहरणांकडे वळू. पालवणकर बाळू हे भारतातील पहिल्या थोर गोलंदाजांपैकी एक. पुण्याच्या इंग्रज जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखण्याचे आणि सरावासाठी इंग्रज खेळाडूंना गोलंदाजी करण्याचे काम त्यांनी केले. त्यांच्या डावखुऱ्या फिरकीची ख्याती झाल्यावर पुण्यातील हिंदू संघाने त्यांना घेतले. मात्र मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू हातात घेणारे सहकारी मैदानाबाहेर त्यांच्याबरोबर चहा घेत नसत; त्यांना चहा वेगळा, बाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो भारतीय संघ इंग्लंडला गेला त्यात बाळूंनी ११४ बळी मिळविले. त्यांचे बंधू विठ्ठल ह्यांना १९२३ साली हिंदू संघाचे नेतृत्व मिळाले. बाळूंना ते नियमितपणे कधीच देण्यात आले नाही.

ह्या चरित्राचा सारांश 'जातिभेदाचे चटके सोसून बाळूंनी क्रिकेटमध्ये नाव कमावले' अशा वाक्याने करण्याची पद्धत आहे. वाक्य खोटे नाही. परंतु 'चटके' बसतात ते विस्तवाचे; विस्तव हा निसर्ग आहे, त्याला जाब विचारता येत नाही. येथे तर प्रत्येक कृतीस कर्ता होता. मातीचे भांडे कोणीतरी आणले होते, कोणीतरी ते बाहेर नेऊन दिले होते, आणि कर्णधार निवडणाऱ्या मंडळींनी विशिष्ट वर्षी विशिष्ट नाव वगळले होते. रामचंद्र गुहा ह्यांनी भारतीय क्रिकेटच्या इतिहासावरील आपल्या २००२ सालच्या इंग्रजी ग्रंथात बाळूंची कथा सविस्तर सांगितली आणि ती अनेकांना नव्याने कळली. त्या कथनाचे बळ नवीन विशेषणांत नाही. कोणत्या मैदानावर, कोणत्या संघाने, कोणत्या वर्षी काय केले हे सांगण्यात आहे. मुख्य म्हणजे कर्ते जागेवर आणून ठेवल्याने बाळूंची उंची कमी होत नाही, वाढते. फलंदाजाचे नाव ठाऊक असले तरच गोलंदाजाच्या बळीची किंमत कळते.

४

दुसरे उदाहरण खाशाबा जाधव ह्यांचे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचा हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये सहावा आला आणि १९५२ साली हेलसिंकी येथे बँटमवेट गटात त्याने कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यानंतरचे वैयक्तिक पदक येण्यास १९९६ साल उजाडावे लागले, म्हणजे मध्ये ४४ वर्षे गेली.

खाशाबांच्या कथेत एक वेगळाच विशेष दिसतो. तिच्यात मदत करणाऱ्यांची नावे ठळकपणे येतात. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हा प्रसंग प्रत्येक कथनात असतो. गावकऱ्यांनी वर्गणी काढली हेही असते. ह्या वाक्यांचे व्याकरण पाहावे: 'खर्डेकरांनी घर गहाण ठेवले', 'गावकऱ्यांनी पैसे जमविले'. कर्ता स्पष्ट, क्रिया स्पष्ट, रक्कमसुद्धा स्पष्ट. ह्याच कथेतील अडचणींची वाक्ये मात्र 'पैशाची सोय होत नव्हती', 'दखल घेतली गेली नाही' अशी धूसर होतात. ज्या व्यवस्थेने आपला खेळाडू पाठविताना त्याचा खर्च उचलला नाही, ती व्यवस्था वाक्यातून निसटते. हेलसिंकीत एका कठीण लढतीनंतर त्यांना पुरेशी विश्रांती न मिळता लगेच दुसरी कुस्ती खेळावी लागली आणि त्यांच्या वतीने बोलावयास भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. हा प्रसंगही बहुधा दैवाच्या खात्यावर जमा होतो. अधिकाऱ्याची गैरहजेरी हे दैव नव्हे. ती एक कृती आहे, किंवा कृतीचा अभाव आहे.

खाशाबा १९८४ साली वारले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर दिला गेला, तोही मृत्यूनंतर दीड दशकाहून अधिक काळ लोटल्यावर. 'त्यांच्या नशिबी उपेक्षा होती' ह्या वाक्याने हा काळ भरून निघत नाही. उपकारकर्त्याला नाव आणि अपकारकर्त्याला नशीब, अशी वाटणी ही भाषा करते. कृतज्ञता व्यक्त करण्यास ती समर्थ आहे. हिशेब मागण्यास मात्र संकोचते.

५

तिसऱ्या उदाहरणात प्रश्न कर्त्याचा नसून कार्यकारणाचा आहे. नाशिक जिल्ह्यातील हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत ह्यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगजौच्या आशियाई स्पर्धांत रौप्यपदक मिळविले. 'सावरपाडा एक्सप्रेस' हे नाव तेव्हापासून महाराष्ट्रात घरोघर पोहोचले. त्यांच्या कथनात लहानपणी पाण्यासाठी केलेली पायपीट हमखास येते, आणि पुष्कळदा ती अशा तऱ्हेने येते: 'पाण्यासाठी करावी लागणारी पायपीटच तिच्या पायांत बळ भरून गेली.'

येथे 'असूनही'च्या जागी 'मुळे' आला आहे. 'पाण्याची टंचाई असूनही ती धावपटू झाली' आणि 'पाण्याच्या टंचाईमुळेच ती धावपटू झाली' ह्या दोन वाक्यांत एका अव्ययाचे अंतर दिसते, परंतु तर्काने ती परस्परविरुद्ध आहेत. पहिल्यात टंचाई हा अडथळा आहे, दुसऱ्यात ती साधन आहे. प्रेरणाकथा पुष्कळदा 'असूनही'ने सुरू होते आणि वाचकाच्या नकळत 'मुळे'वर येऊन थांबते. दुसरे वाक्य खरे मानले तर पाड्यावर नळ आणणे हे धावपटू घडविण्याच्या आड येते, असे मानावे लागेल. पाण्यासाठी तितकेच चालणाऱ्या शेकडो मुलींपैकी आंतरराष्ट्रीय पदक एकीलाच का मिळाले, ह्याचे उत्तर त्या वाक्याला देता येत नाही. उत्तर शोधावयाचे तर विजेंदर सिंग ह्यांच्यासारख्या प्रशिक्षकाकडे, शिस्तबद्ध सरावाकडे आणि अर्थातच कविता राऊत ह्यांच्या स्वतःच्या कर्तृत्वाकडे जावे लागते. टंचाईला श्रेय दिले की, ह्या तिघांचेही श्रेय कापले जाते.

६

अडचणीलाच श्रेय देण्याची ही प्रवृत्ती माहीमच्या उदाहरणात अधिक बारकाईने तपासता येते. येथे माहीम म्हणजे मुंबईचे माहीम नव्हे, तर पालघर स्थानकाच्या पश्चिमेस, केळव्याच्या शेजारी, समुद्रकाठी वसलेले वाड्यांचे आणि पानवेलींचे गाव. मुंबईचे माहीम शिवाजी पार्कपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. हे दुसरे माहीम त्याच मैदानापासून सुमारे ८० किलोमीटर दूर पडते. एकाच नावाच्या दोन गावांतील मुलांना क्रिकेट हा खेळ एकच. खेळापर्यंतचे अंतर मात्र असे भिन्न.

शार्दूल ठाकूर हे ह्या पालघर-माहीम परिसरातून आले. जन्म १९९१ चा, घर शेतीवाडीचे, आरंभीचे शालेय क्रिकेट बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराकडून. त्यांच्याविषयीच्या कथनांचा गाभा म्हणजे प्रवास: पहाटेची गाडी, खांद्यावरची क्रिकेटची जड पिशवी, गर्दी, रात्री घरी परतणे. 'पालघर एक्सप्रेस' हे त्यांना मिळालेले नावही ह्याच प्रवासाची आठवण देते. ह्या कथनांतील 'लोकल' हा शब्द प्रथम तपासावयास हवा. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत उपनगरी लोकलसेवा सुरू झाली ती २०१३ च्या एप्रिलमध्ये. ठाकूर शाळकरी वयाचे असताना पालघरच्या मुलाला विरारपर्यंत शटल किंवा लांब पल्ल्याच्या गाड्या धराव्या लागत, लोकल त्यापुढची. चर्चगेट पालघरहून सुमारे ९० किलोमीटर. तेव्हा 'लोकलने जावे लागे' ह्या वाक्यात सक्ती करणारा तर झाकला जातोच, पण सक्तीचे खरे मापही कमी होते. मुंबईकर वाचकाच्या मनात लोकल म्हणजे काही मिनिटांनी येणारी गाडी. त्या काळच्या पालघरकराला एक गाडी चुकणे म्हणजे सराव चुकणे. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावरून परतल्यावर ठाकूर विमानतळाहून लोकलनेच पालघरला गेले, ही बातमी तेव्हा गाजली. ती लोकल आणि लहानपणीचा प्रवास ह्यांसाठी कथनांत एकच शब्द वापरला जातो. वस्तू मात्र दोन आहेत.

आता कार्यकारणाकडे येऊ. 'ह्या प्रवासानेच त्यांना कणखर बनविले' असे वाक्य येथेही तयार असते. घडलेले काय ते पाहावे. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड ह्यांनी शालेय सामन्यात ह्या मुलाचा खेळ पाहिला, त्याला आपल्या शाळेत आणले, आणि रोजच्या प्रवासाची अडचण पुढे आली तेव्हा त्याला काही काळ स्वतःच्या घरी ठेवून घेतले. त्या शाळेकडून खेळताना हॅरिस ढाल स्पर्धेत ठाकूर ह्यांनी एका षटकात सहा षटकार मारले. म्हणजे त्यांच्या शालेय कारकिर्दीचे निर्णायक वळण आले ते अंतर सोसल्याने नव्हे, तर एका माणसाने ते अंतर आपल्या घराचे दार उघडून कमी केल्याने. प्रवास पुढेही त्यांच्या वाट्यास होताच, आणि तो करणाऱ्या मुलाच्या व त्याच्या घरच्यांच्या चिकाटीला उणेपणा आणण्याचे कारण नाही. परंतु प्रवास हे कारण नव्हते. ती किंमत होती. किंमतीला कारण म्हणणे ही ह्या कथनांतील मूळ चूक होय. लाड ह्यांना पुढे २०२२ साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्यांचे खरे शिक्षणतंत्र केवळ चेंडू टाकण्याचे नव्हते, मुलाला मैदानाजवळ आणण्याचेही होते.

ह्याच चरित्रात असाही एक प्रसंग आहे जेथे कर्ता नसलेले वाक्यच योग्य ठरते. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये हैदराबाद येथे वेस्ट इंडीजविरुद्ध ठाकूर ह्यांनी कसोटीपदार्पण केले आणि अवघे दहा चेंडू टाकून त्यांना दुखापतीमुळे मैदान सोडावे लागले. 'दुखापत झाली' ह्या वाक्यात कर्ता नाही, कारण घटनेतही तो नव्हता. दुसरा कसोटी सामना त्यांना मिळाला तो २०२१ च्या जानेवारीत ब्रिस्बेन येथे. पहिल्या डावात भारताचे ६ गडी १८६ धावांत बाद झाले असता त्यांनी वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागीदारी केली, स्वतः ६७ धावा काढल्या, आणि सामन्यात ७ बळी घेतले. पुढे २०२१ मध्ये ओव्हलवर दोन्ही डावांत अर्धशतके आणि २०२२ च्या जानेवारीत जोहान्सबर्ग येथे एका डावात ६१ धावांत ७ बळी, ही त्यांची कामगिरी सर्वज्ञात आहे. स्नायूची दुखापत आणि ९० किलोमीटरचे अंतर ह्या दोन्हींना 'प्रतिकूल परिस्थिती' ह्या एकाच पेटीत टाकणे हा भाषेचा आळस होय. पहिलीवर मात शरीराने आणि धीराने होते. दुसरी गाडीच्या वेळापत्रकाने, जवळच्या मैदानाने आणि निवडीच्या पद्धतीने कमी होऊ शकते.

७

ह्यावर एक आक्षेप सहज घेता येईल. सोसणे चतुर्थीने सांगणे हा मराठीचा स्वभावच आहे. 'मला भूक लागली', 'त्याला दुःख झाले' असे आपण बोलतो. मग त्यासाठी चरित्रलेखकास दोष का द्यावा? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धे. भूक लागण्याला दुसरा कर्ता नसतो, म्हणून तेथे भाषेने तो ठेवलेला नाही. संधी नाकारण्याला असतो, आणि तो सांगण्याची रचनाही मराठीत आहे. खर्डेकरांच्या गहाणखताविषयी लिहिताना त्याच लेखकाला ती अचूक सापडते. तेव्हा दोष भाषेच्या सामर्थ्याचा नसून लेखकाच्या निवडीचा आहे.

दुसरा आक्षेप असा की, मुलांसाठी लिहिलेल्या कथेत दोषारोपांची यादी कशास हवी? यादी नकोच. प्रत्येक अडचणीमागे खलपुरुष उभा करणारी कथाही तितकीच खोटी होईल. कर्ता सांगणे म्हणजे आरोप करणे नव्हे. 'त्या वेळी पालघरपर्यंत लोकल येत नव्हती' ह्या वाक्यात कोणावरही आरोप नाही. पण 'खडतर प्रवास करावा लागला' ह्याहून ते मुलाला अधिक काही शिकविते. पहिल्या वाक्यावर मूल विचारू शकते की, मग ती केव्हा आली, कशी आली, आणि आणखी काय येणे बाकी आहे? दुसऱ्या वाक्यावर ते फक्त मान डोलावू शकते.

ह्या वाङ्मयाच्या परीक्षणासाठी तीन साधे प्रश्न पुरेसे वाटतात. अडचण सांगणाऱ्या वाक्यात कर्ता आहे का, आणि नसल्यास तो घटनेतही नव्हता का? 'असूनही' कोठे 'मुळे' झाला आहे का? मदत आणि अडथळा ह्या दोहोंना सारख्याच तपशिलाने नाव, वर्ष आणि ठिकाण दिले आहे का? पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यातील एखाद्या खेळाडूवरचे लेखन घेऊन त्याला हे प्रश्न लावून पाहिले, तर अभ्यासाला विषयांची वाण पडणार नाही.

प्रेरणा देणे हे ह्या कथांचे कार्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. बाळू, खाशाबा, कविता राऊत आणि शार्दूल ठाकूर ह्यांच्या कथा मुलांनी वाचल्याच पाहिजेत. मात्र किनाऱ्यावरच्या एखाद्या शाळेत बसून जो मुलगा किंवा जी मुलगी त्या वाचील, त्यांना केवळ 'तूही सोस' एवढाच निरोप मिळू नये. कोणी काय केले म्हणून हे साधले आणि कोणी काय केले नाही म्हणून ते इतके महाग पडले, हेही त्यांना वाचता आले पाहिजे. त्यासाठी नवी शैली लागत नाही. मराठीत असलेली वाक्ये पूर्ण लिहिली म्हणजे पुरे.